बंधाऱ्याचे याकोबमामा

पावसाळ्यात रोज सकाळी याकोबमामा बंधाऱ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याशी बसत. ओंजळभर पाणी घेत, ते बोटांच्या फटींतून गळू देत आणि तळहातावर मागे राहिलेला गाळ अंगठ्यानं चोळत. चोळून झालं की हात नाकाशी नेत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, हात हुंगताना. पाणी वापर संस्थेची सचिव होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. गावात आलेली सून बी.कॉम. आहे, तिला कॉम्प्युटर येतो, एवढ्या भांडवलावर ते पद माझ्याकडे आलं होतं. आपला बंधारा निदान डोळ्यांनी बघावा म्हणून मी गेले होते.

"काय बघता मामा?" मी वरूनच विचारलं.

"कुठलं हाय ते बघतो." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "ह्ये तांबडं. घाटावरचं, भंडारदऱ्याच्या अंगाचं. ह्याला भ्यायचं न्हाई. ह्याच्या आदी धरनावरून फोन येतो."

"मग भ्यायचं कशाला?"

"काळ्याला. त्ये आपल्याच रानातलं, आपल्याच वढ्यांचं. त्याचा फोन येत न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. हात धुऊन, पायरीवर काढून ठेवलेल्या रबरी चपला घालून ते वर आले आणि चौदाच्या चौदा गाळ्यांवरून मला फिरवून आणलं.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, श्रीरामपूरच्या खालच्या अंगाला. नदीवरच्या या बंधाऱ्याचे गाळे पावसाळाभर मोकळे असतात, नदी त्यांतून वाहून जाते. पाऊस सरला की गाळ्यांमध्ये लोखंडी फळ्या एकावर एक बसवायच्या आणि जाता जाता नदी जे शेवटचं पाणी देते ते अडवायचं. त्या पाण्यावर दोन्ही काठांच्या विहिरी मेपर्यंत तग धरतात. फळ्या उशिरा टाकल्या तर नदी निघून गेलेली असते. लवकर टाकल्या आणि मागाहून पूर आला, तर पाण्याला समोर वाट मिळत नाही. ते बगलेनं वाट काढतं आणि काठ कापून नेतं. म्हणजे गावाचं सगळं वर्ष एका आठवड्याच्या अंदाजावर टांगलेलं. तो आठवडा गेली तीस वर्षं याकोबमामा ठरवत आले होते.

मामा उंच, काटक. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बंधारा बांधला तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्याचे दगड वाहिले होते. बंधाऱ्याला लागूनच डाव्या काठावर ख्रिस्ती वस्ती, वीसेक घरं आणि एक छोटं चर्च. मामांचं घर नदीकडून पहिलं. रविवारच्या उपासनेला ते इस्त्रीचा शर्ट घालून जात. पण पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं आणि बाहेर ढग दिसला, की दाराकडे बघत बसत. पाळकसाहेब मग आपणच म्हणत, "जा याकोब, बघून ये."

एकदा नगरला हवामान बदलावर शिबिर होतं. मी मामांना बरोबर नेलं. पडद्यावर रंगीत नकाशे झाले, चहा झाला. कुणाला काही विचारायचंय का, असं नकाशे दाखवणाऱ्या साहेबांनी म्हणताच मामा उभे राहिले. "साहेब, पाऊस बदललाय ते आमाला ठावं हाय. आमच्या अंगावरच पडतोय तो. किती बदललाय त्ये सांगा. म्हंजी त्या मापानं आमी फळ्या टाकतो." साहेब चांगले होते. ते म्हणाले, "मामा, तेवढं नेमकं अजून कुणालाच सांगता येत नाही." परतताना एसटीत मामा खिडकीबाहेर बघत होते. राहुरी गेल्यावर म्हणाले, "खरं बोलला मानूस. पन मला वाटलं हुतं, कुनालातरी म्हाईत असंल."

त्यांची चिंता मला कळली ती त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर. पाऊस पोळ्यालाच उलटला. नदी रोज वितभर आत सरकत होती. लोक म्हणाले, फळ्या टाका. मामा म्हणाले, "हस्त जाऊ द्या." दोन वर्षांपूर्वी हस्तात मोठा लोंढा आला होता, तो त्यांच्या डोळ्यांपुढे होता. हस्त कोरडा गेला. दसऱ्याला फळ्या बसल्या तेव्हा अडवायला नदीत पाणी उरलं नव्हतं, नुसती ओल होती. माघात विहिरींचे तळ दिसले. होळीनंतर टँकर सुरू झाला, आणि मीही पदर खोचून हंड्यांच्या रांगेत उभी राहू लागले. मामा रस्त्यानं गेले की रांग गप्प होई. शिव्यांपेक्षा ते गप्प होणं वाईट होतं.

कुणीतरी बंधाऱ्याच्या खांबावर चुन्यानं लिहिलं, 'याकोबनं पाणी घालवलं'. मी म्हटलं, "मामा, पुसून घेते."

"ऱ्हाऊ द्या ताई. खोटं न्हाई लिव्हलेलं." मग म्हणाले, "चुकलं ह्याचं दुख न्हाई मला. का चुकलं त्येच कळंना, त्याचं हाय."

पुढच्या वर्षी आषाढ, श्रावण बरे झाले. भाद्रपदात पावसानं पुन्हा तोंड फिरवलं. नदी पुन्हा आत सरकू लागली आणि गावाचा जीव खालीवर होऊ लागला. संस्थेची सभा बोलावली. आमचे अध्यक्ष दत्तूआण्णा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा ऊस, बोलणं रोखठोक. सभा सुरू होताच ते म्हणाले, "औंदा याकोबचं ऐकायचं न्हाई. फळ्या ह्याच आठवड्यात टाकायच्या."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. ते दाराजवळ उभे होते. खुर्ची दिली तरी त्या सभेत ते कधी बसत नसत.

"मला इचाराल तर मला आता सांगता येत न्हाई," मामा म्हणाले. "आदी यायचं. पन सांगता येत न्हाई, तवा थांबावं, आसं मला वाटतं. काळं पानी आजून आलेलं न्हाई औंदा."

"गेल्या साली थांबलोच हुतो की!" आण्णांचा आवाज चढला. "लेकीसुना टँकरमागं पळत हुत्या. तू आलता का हंडे उचलायला?"

आण्णांनी हात वर करायला सांगितलं. ठराव मी लिहीत होते, पण मत मलाही होतं. रांगेतलं ऊन मला आठवलं, आणि मी पेन डाव्या हातात घेऊन उजवा हात वर केला.

फळ्या मामांनीच टाकल्या. दुसरं कुणी असतं तर रुसून घरी बसलं असतं. "संस्थेनं ठरवलं, आता त्ये माजं बी ठरलं," म्हणाले. चार गडी घेऊन पाच दिवस खपले. प्रत्येक फळीच्या कडेला ग्रीस चोळलं. प्रत्येक गाळ्यातल्या वरच्या तीन फळ्यांना उचलायचे आकडे तसेच अडकवून ठेवले. एवढंच मागितलं की फळ्या ओढायची चेनकप्पी बंधाऱ्यावरच राहू द्या. आण्णा म्हणाले, चोरीला जाईल. ती संस्थेच्या खोलीत कुलपात गेली. चावी माझ्याकडे. आणि ठरावात एक ओळ वाढली, की अध्यक्षांच्या परवानगीशिवाय एकही फळी हलवायची नाही.

पंधरा दिवसांत बंधारा तुडुंब भरला. लोक संध्याकाळी काठावर येऊन बसू लागले. आण्णांनी नारळ फोडला आणि पहिली वाटी मामांच्या हातावर ठेवली. मामांनी ती घेतली, पण त्यांची नजर दक्षिणेकडे होती. आमचे ओढे तिकडून येतात.

त्यानंतर आठवडा गेला असेल. तीन दिवस गदमदत होतं, अंगाला कपडा चिकटत होता. दुपारी दोनच्या सुमारास मामा ऑफिसच्या दारात आले. "ताई, कप्पीची चावी द्या."

गावात थेंब नव्हता, ऊन होतं. मी विचारलं, "का हो?"

"वढ्याच्या वरच्या वाडीला माजा पाव्हना हाय. तिकडं दोन तास झाले, धार तुटंना म्हन्तो. बांध फुटायला लागलेत."

"थांबा, मी विचारते." मी धरणावरच्या नंबरला फोन लावला. तिकडच्या माणसानं नीट तपासून सांगितलं, धरणातून काहीही सोडलेलं नाही, काळजी करू नका. त्याच्यापरीनं ते खरंच होतं. मी मामांना सांगितलं, "वरून पाणी नाहीये, मामा."

"वरून न्हाई ताई. बाजूनं येतंय."

मी चावीवर हात ठेवून बसले. ठरावातली ती ओळ मी स्वतः लिहिलेली होती. मी आण्णांना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "एक फळी काढायची न्हाई. पाव्हन्याच्या फोनवर गावाचं वर्षाचं पानी सोडून द्यायचं का?"

मामा भांडले नाहीत. त्यांनी एकदा आण्णांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मग मी वस्ती उठवतो," म्हणाले आणि गेले. आण्णाही मोटार बघायला म्हणून मळ्यात गेले. मी तिथंच बसून राहिले. फायली उघडल्या, मिटल्या. त्या पाऊण तासाचा हिशेब मी अजून देऊ शकत नाही. मग पत्र्यावर पहिला सडा पडला, आणि दोन मिनिटांत समोरचं मारुतीचं देऊळ दिसेना. मी चावी घेऊन पळाले.

बंधाऱ्यावर पोचले तेव्हा पाणी फळ्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. मामा वरच्या पायरीवर होते. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. त्यांचा तळहात शाईत बुडवल्यासारखा काळा होता. मागे वस्तीतली माणसं शाळेकडे चालली होती, गाठोडी डोक्यावर. दोन म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून उचललं होतं. मामांनी त्यांना बोलण्यात वेळ घालवू दिला नव्हता. मी चावी पुढे केली. त्यांनी घेतली.

कप्पी आणली. वस्तीतले चार गडी, मामा आणि मी. पहिली फळी ग्रीसमुळे सुटली, दुसरी सुटली. पाण्याचा आवाज एवढा, की कानाशी ओरडावं लागत होतं. तिसऱ्या गाळ्यावर होतो आणि आण्णा धावत आले, भिजलेले. ते कप्पीच्या पुढ्यात उभे राहिले.

"याकोब! हात लावू नको! वर्षाचं पानी हाय!"

मामांनी साखळी सोडली नाही. "आण्णा, बाजूला व्हा." इतक्या वर्षांत त्यांनी आण्णांना असं काही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "वर्षाचं हाय, व्हय. बंधारा गेला तर पुढं कशात आडवायचं? व्हा बाजूला."

आण्णा हलले नाहीत. गडी थांबले. साखळी ताणलेली, फळी अर्धी वर, आणि खालून पाणी तिला हिसडे देतंय. मला वाटलं, आता इथं हात उगारला जाणार. एवढ्यात डाव्या काठावरून आवाज आला. मोठा नव्हता, सारवलेली भिंत ढासळावी तसा. आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. चर्चच्या मागचा कडुनिंब उभाच्या उभा, फांद्यांसकट, नदीत सरकत होता. तो आडवा झाला नाही. उभाच गेला. त्याच्यामागं काठाची माती धडाधड कोसळायला लागली. पाण्यानं बगलेची वाट धरली होती.

आण्णांनी ते बघितलं. त्यांनी पायातल्या चपला फेकल्या आणि मामांच्या शेजारी येऊन साखळीला हात घातला.

त्यानंतरचे दोन तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. आण्णांच्या तळव्यांना आलेलं रक्त. 'हाय्या' म्हणून एकदम ओढणारी सात जणं, त्यात मीही. सहाव्या गाळ्यात वाहून आलेली फांदी अडकली, फळी हलेना. मामा स्लॅबवर पालथे झाले आणि गाळ्यात कमरेपर्यंत वाकून आकड्यानं फांदी सोडवू लागले. फांदी सुटली, पण साखळीला हिसका बसून आकडा उलटा आला आणि त्यांच्या बरगडीवर बसला. ते कुशीवर वळले, तोंडानं श्वास घेतला, आणि म्हणाले, "सातवा घ्या."

नऊ गाळ्यांतल्या वरच्या फळ्या निघाल्या तेव्हा दिवेलागण होत होती. पाणी बंधाऱ्यातून सरळ धावू लागलं आणि काठाची पडझड थांबली. बंधारा उभा राहिला. वस्तीतली नदीकडची सहा घरं गेली. पहिलं मामांचं. माणूस एकही गेलं नाही.

चार दिवसांनी मी शाळेत गेले. वस्तीतली कुटुंबं तिसरीच्या वर्गात राहत होती. मामा छातीला पट्टा बांधून भिंतीला टेकले होते. मी बाकाच्या कडेला बसले आणि घरून ठरवून आणलेलं वाक्य बोलून टाकलं. "मामा, चावी मी दुपारीच दिली असती तर ती सहा घरं वाचली असती."

मला वाटलं होतं, ते 'तसं काही न्हाई ताई' म्हणतील. माणसं म्हणतात तसं. मामांनी डोळे मिटून हिशेब केला.

"तीन वाचली असती," ते म्हणाले. "माजं वाचलं नसतं." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "आन् मी त्याच्या आदल्या साली आडून बसलो नसतो, तर तुमी चावी आडवली नसती. दोगांचं बी हाय ह्ये. पानी प्या."

पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः माझ्याकडे सरकवला, बरगडी धरून.

त्या उन्हाळ्यात टँकर आलाच. खालच्या फळ्यांनी जे अडवून धरलं होतं त्यावर विहिरी कशाबशा शिमग्यापर्यंत चालल्या. गावानं मामांना शिव्या दिल्या नाहीत, हारही घातला नाही. पुढच्या सभेत मात्र आण्णा उभे राहिले आणि म्हणाले, इथून पुढं फळ्यांचा निर्णय एकट्या याकोबचा. त्यात कुणी बोलायचं नाही, मी पण नाही. टाळ्या पडल्या.

मामा दाराजवळूनच म्हणाले, "मला नगं."

सभा चकित झाली. आण्णांना तो अपमान वाटला असावा, त्यांचा चेहरा उतरला. मामा पुढं आले आणि त्या सभेत पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"रागावू नका आण्णा. माज्या बापाच्या टायमाला पाऊस ठरल्या वाटंनं यायचा. तवा एका मान्साच्या अंदाजावर गाव चाललं. आता मी उद्या चुकलो तर तुमी पुन्ना मला धरनार, आन् मी बरोबर निघालो तर परवा चुकनार. वढ्याच्या पार वरपर्यंत मानसं जोडा. जिथं पडंल तिथून कळलं पायजे. फळ्या आर्ध्या आदी टाका, आर्ध्या मागनं. कमी साठंल, पन साठंल. आन् कप्पी बंधाऱ्यावर ठेवा. चोरीला गेली तर जाऊ द्या."

तसं केलं. ओढ्याच्या वरच्या चार वाड्यांतल्या बायकांना मी जोडलं. माणसं रानात असतात, बायका घराशी असतात, म्हणून बायका. पावसाळ्यात रोज त्यांचे आवाज माझ्या मोबाईलवर येतात. "ताई, इकडं भुरभुर हाय." "ताई, आमच्या वढ्याला फेस आलाय, बघा बरं." मामा ऑफिसात बसून ते आवाज पुन्हा पुन्हा लावायला सांगत. कोण घाबरून बोलतंय आणि कोण बघून बोलतंय, ते त्यांना ओळखू येई. पहिल्या वर्षी आमचा अंदाज चुकला, थोडं पाणी गेलं. दुसऱ्या वर्षी बरा निघाला. भीती गेली नाही. आश्विनात आभाळ दक्षिणेला काळवंडलं की अजून मी मोबाईल हातातून खाली ठेवत नाही. पण आता निदान चार ठिकाणची माणसं आपल्याबरोबर भीत असतात.

बरगडीचं दुखणं मामांनी अंगावर काढलं. खोकला लागला, मग श्वास लागू लागला. नगरच्या दवाखान्यात दोनदा नेलं. गेल्या वर्षी श्रावणात, एका स्वच्छ कोरड्या सकाळी, ते गेले. महिनाभर पावसाचा टिपूस नव्हता. बाजऱ्या माना टाकून उभ्या होत्या.

वस्तीची दफनभूमी गावाबाहेर टेकाडावर आहे. चार जणांनी सकाळीच खणायला घेतलं, पण मुरूम इतका कडक झाला होता की पहार ठिणग्या काढून परत येत होती. दोन तासांत गुडघाभर खड्डा झाला नाही. खाली रस्त्यावर पेटी आणून ठेवलेली, पाळकसाहेब बायबल काखेत धरून उभे, बायका छत्र्या उघडून उन्हात उभ्या. कुणाला काय करावं सुचेना.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. आण्णा स्वतः चालवत होते, मागं पाण्याची टाकी. त्यांच्या विहिरीत त्या दिवशी किती पाणी होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते उतरले, धोतर वर खोचलं, पाइप खांद्यावर घेऊन टेकाड चढले आणि खड्ड्यात पाणी सोडलं. जमिनीनं ते सळसळत ओढून घेतलं. आण्णांनी आणखी सोडलं. टाकी रिकामी होईपर्यंत ते पाइप धरून उभे होते, कुणाकडेही न बघता.

एकानं पहार उचलली. आण्णांनी हात आडवा केला.

"थांबा," ते म्हणाले. "मुरू द्या जरा."

मग आम्ही सगळे, वस्तीतले आणि गावातले, त्या खड्ड्याभोवती पाणी मुरायची वाट बघत उभे राहिलो.